इसे जिंगूला जायचंय? आधी गेकू, मग नाइकू

आपली मंडळी जपानला गेली की क्योतोच्या लाल तोरींखाली, म्हणजे देवळाच्या कमानींखाली, फोटो काढून परत येतात, पण एक दिवस हाताशी असेल तर इसे गाठा. तिथलं इसे जिंगू हे शिंतो धर्माचं मोठं देवस्थान, त्यातली दोन मुख्य देवळं म्हणजे गेकू (बाहेरचं) आणि नाइकू (आतलं). नागोयाहून किंतेत्सु ट्रेनने दीड तासाच्या आत इसेशी स्टेशन येतं, फक्त ती खाजगी कंपनीची ट्रेन आहे, तिला जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) चालत नाही.

स्टेशनपासून गेकू चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे अन्नाची देवी तोयोउके, आणि नाइकूला सूर्यदेवी अमातेरासु, त्यासाठी पुढे बस. बरेच जण वेळ नाही म्हणून डायरेक्ट नाइकूला जातात, मला ते पटत नाही, कारण अमातेरासुचा रोजचा दोन वेळचा नैवेद्य गेकूतच होतो आणि त्यासाठीचा अग्नी अजून लाकडावर लाकूड घासून पेटवतात.

तोरीपाशी जरा वाकायचं आणि आत शिरायचं. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, तो भाग देवाचा, गेकूत डाव्या कडेने चाला आणि नाइकूत उजव्या. बूट काढायचे नाहीत! हात मात्र कुंडातलं पाणी पळीने घेऊन धुवायचे, आधी डावा, मग उजवा, मग डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरायची, पळी तोंडाला लावायची नाही. नाइकूत तर थेट इसुझू नदीच्या काठावर बसून हात धुता येतात, पाणी नितळ आहे एकदम, हे चुकवू नका.

नाइकूच्या मुख्य देवळाच्या पायऱ्या आल्या की मोबाईल खिशात, वर फोटो बंद. वर गेल्यावर दिसतो फक्त एक पांढरा पडदा. मूर्ती नाही, घंटा नाही, गाभाऱ्यात डोकावणं तर विसराच. दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं, झालं. इथे स्वतःसाठी काही मागत नाहीत, नुसते आभार मानायचे. नोकरी-लग्नाचं मागणं असेल तर मागच्या बाजूला आरामात्सुरी-नो-मिया हे छोटं देऊळ आहे, तिकडे बोला.

शेजारचा रिकामा प्लॉट बघून काम बंद पडलंय असं वाटेल, तसं नाहीये. दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचं तसंच्या तसं नवं देऊळ उभारतात, पहिल्यांदा ६९० साली, शेवटचं २०१३ ला, पुढचं २०३३ ला.

नाइकूच्या बाहेर ओहाराइमाचीच्या गल्लीत आकाफुकु खा, भाताच्या मऊ गोळ्यावर लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, १७०७ पासूनचं दुकान आहे. व्हेज असाल तर इसे उदोन (इथले जाड नूडल्स) मागवण्याआधी विचारा, सॉसमध्ये सहसा माशांचा अर्क असतो.