इर्सी डॉकरमध्ये: कंटेनर फेकायचा, लॉग राखायचे

डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन; ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो ती इमेज. डॉकरमध्ये चालणाऱ्या बहुतेक गोष्टींना पडदा लागत नाही. वेब सर्व्हर, डेटाबेस मागे बसून काम करतात. इर्सीसारखा टर्मिनलवरचा आयआरसी (इंटरनेटवरच्या मजकुरी गप्पांची जुनी पद्धत) क्लायंट मात्र पूर्ण स्क्रीन व्यापतो, प्रत्येक कळ स्वतः ऐकतो आणि दिवसेंदिवस चालू राहतो. बहुतेक अडचणी तिथूनच येतात.

आधी एक खुलासा. खालच्या आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत, छोट्या लिपीत टाका; फक्त टर्म आणि $होम ही नावं मोठ्या लिपीत.

सुरुवात दोन फोल्डरांपासून. होम डिरेक्टरीत .इर्सी आणि आयआरसीलॉग्ज हे दोन्ही एमकेडीआयआर या आज्ञेने स्वतः तयार करा. पहिल्यात सेटिंग्ज राहतात, दुसऱ्यात संभाषणांच्या नोंदी. हे डॉकरवर सोडलं, तर -व्ही (बाहेरचं फोल्डर कंटेनरमध्ये जोडणारा पर्याय) मध्ये दिलेलं पण अस्तित्वात नसलेलं फोल्डर तो रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य यूजरच्या, मालकीचं बनवतो आणि मग इर्सीला त्यात लिहिता येत नाही. 'परमिशन डिनाइड' दिसलं की पहिली शंका हीच घ्या आणि एलएस -एल करून मालक बघा.

मग चालवायची आज्ञा:

डॉकर रन -डीआयटी --नेम गप्पा \
-ई टर्म=एक्सटर्म-२५६कलर \
-यू $(आयडी -यू):$(आयडी -जी) \
--लॉग-ड्रायव्हर=नन \
-व्ही $होम/.इर्सी:/होम/यूजर/.इर्सी \
-व्ही $होम/आयआरसीलॉग्ज:/होम/यूजर/आयआरसीलॉग्ज \
-व्ही /ईटीसी/लोकलटाइम:/ईटीसी/लोकलटाइम:आरओ \
इर्सी:१.४

आत जायला: डॉकर अटॅच गप्पा.

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी तरी आहे. आय आणि टी नसतील तर इर्सीला टर्मिनलच मिळत नाही. टर्म मध्ये तुमच्या टर्मिनलचं खरं नाव पाठवायचा मोह होतो, पण नव्या टर्मिनल प्रोग्रॅमांची नावं इमेजमधल्या टर्मइन्फोत, म्हणजे टर्मिनलांच्या माहितीच्या यादीत, असतीलच असं नाही. नाव सापडलं नाही तर इर्सी सुरूच होत नाही. एक्सटर्म-२५६कलर जवळपास सगळीकडे चालतं. लोकलटाइम जोडलं नाही तर कंटेनरचं घड्याळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) दाखवतं आणि रात्री साडेनऊचा निरोप लॉगमध्ये दुपारी चारचा म्हणून पडतो.

लॉग-ड्रायव्हर=नन अनेकजण गाळतात. डॉकर एरवी कंटेनरचं सगळं आउटपुट जेसन फाइलमध्ये साठवतो आणि मूळ सेटिंगमध्ये त्या फाइलला आकाराची मर्यादा नसते. इर्सीचं आउटपुट म्हणजे पडद्याची प्रत्येक पुनर्रचना. खालच्या पट्टीतलं घड्याळ दर मिनिटाला बदलतं, म्हणजे चॅनेलवर कोणी चकार शब्द काढला नाही तरी फाइल फुगतेच. वर त्यात सगळे खासगी निरोपही उतरतात.

डॉकर हब या इमेजच्या संकेतस्थळावर इर्सीच्या पानावरच्या उदाहरणात .इर्सी फक्त-वाचनासाठी, म्हणजे शेवटी :आरओ लावून जोडलेलं आहे. तयार कॉन्फिग असेल तर ते ठीक. पहिल्यांदा बसवताना मात्र /सेव्ह दिलं की फाइल लिहिता येत नाही, म्हणून वर ते मुद्दाम काढलं आहे.

पोर्ट उघडायची, म्हणजे -पी ची, गरज नाही. क्लायंट बाहेर जोडणी करतो, त्याच्याकडे कोणी येत नाही. याची दुसरी बाजू अशी की तुमच्याकडून डीसीसीने (आयआरसीवरची थेट जोडणी) फाइल पाठवणं ब्रिज नेटवर्कमधून, म्हणजे डॉकरच्या नेहमीच्या अंतर्गत नेटवर्कमधून, साधारणपणे चालत नाही, कारण त्यात समोरच्याला तुमच्यापर्यंत पोचावं लागतं.

आत गेल्यावर आधी नाव ठरवा: /सेट निक आणि /सेट यूजर_नेम. -यू ने दिलेला तुमचा यूजर क्रमांक इमेजच्या यादीत असेलच असं नाही, त्यामुळे इर्सीला नाव आपोआप कळत नाही. मग लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कसाठी (सॅसल म्हणजे जोडतानाच नाव-पासवर्डाने ओळख पटवणं):

/नेटवर्क ॲड -सॅसल_यूजरनेम नाव -सॅसल_पासवर्ड गुपित -सॅसल_मेकॅनिझम प्लेन लिबेराचॅट
/सर्व्हर ॲड -ऑटो -टीएलएस -टीएलएस_व्हेरिफाय -नेट लिबेराचॅट आयआरसी.लिबेरा.चॅट ६६९७
/सेट ऑटोलॉग ऑन
/सेव्ह

निकसर्व्हकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या लिबेराच्या सेवेकडे, नावाची नोंदणी आधी झालेली हवी. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालवणार असाल तर ती घरच्या इंटरनेटवरून उरकून घ्या. क्लाउडच्या काही पत्त्यांना लिबेरा सॅसलशिवाय आत घेत नाही.

पासवर्ड कॉन्फिगमध्ये उघडाच राहतो, म्हणून फाइलला सीएचमॉड ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल. डॉकरफाइल (इमेज बांधायच्या सूचनांची फाइल) लिहून कॉन्फिग इमेजमध्ये कॉपी करायच्या फंदात पडू नका. पुढच्या पायरीत फाइल काढून टाकली तरी आधीच्या थरात ती शिल्लक असते आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येते.

आता सगळ्यात जास्त वैताग देणारी गोष्ट. कंटेनर चालू ठेवून बाहेर पडायला डॉकरच्या कळा कंट्रोल-पी आणि त्यामागून कंट्रोल-क्यू अशा आहेत. इर्सीत कंट्रोल-पी म्हणजे मागची विंडो. डॉकर ती कळ मध्येच अडवतो आणि पुढे क्यू येतो का याची वाट बघतो. विंडो हलत नाही. दुसरी कळ दाबली की दोन्ही एकदम आत जातात. उपाय सोपा आहे:

डॉकर अटॅच --डिटॅच-कीज="सीटीआरएल-]" गप्पा

दर वेळी टाइप करायचं नसेल तर होममधल्या .डॉकर फोल्डरात कॉन्फिग.जेसन मध्ये डिटॅचकीज ही नोंद घाला. त्यातला के मोठ्या लिपीत. परत आल्यावर पडदा कोरा किंवा विस्कटलेला दिसला तर कंट्रोल-एल. टर्मिनल बंद झालं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारं टीमक्स किंवा स्क्रीन वेगळं चालवायची गरज उरत नाही, ते काम कंटेनरच करतो.

मशीन रीबूट झाल्यावर आपोआप सुरू व्हावं म्हणून --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड लावता येतं, पण मग /क्विट दिलं तरी इर्सी काही क्षणांत पुन्हा हजर होतो. हा बिघाड नाही, धोरणच तसं आहे. खरंच थांबवायचं असेल तर डॉकर स्टॉप गप्पा. ऑन-फेल्युअर (फक्त बिघाडाने बंद पडल्यास पुन्हा सुरू करणारा) हा पर्याय बरा वाटतो, पण डॉकरची सेवा नव्याने सुरू झाल्यावर तो कंटेनर उठवत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कंटेनरमधलं लँग, म्हणजे अक्षरांच्या सांकेतिकीकरणाची सेटिंग, सी.यूटीएफ-८ असायला हवं. अधिकृत इमेजमध्ये ते असतं, स्वतः बांधलेल्या इमेजमध्ये विसरलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. लँग ठीक असूनही कर्सर अक्षरांपासून सरकत असेल तर काना-वेलांटीची रुंदी इर्सी आणि टर्मिनल वेगवेगळी मोजत आहेत. अशा वेळी आधी टर्मिनल प्रोग्रॅम बदलून बघा.

आयआरसीची एक ओळ ५१२ बाइट्सची, त्यातच चॅनेलचं नाव आणि इतर मजकूर बसतो. 'महाराष्ट्र' हा शब्द दिसायला आटोपशीर, पण त्यात १० चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट्स, म्हणजे एकूण ३०. त्यामुळे १४०-१५० चिन्हांच्या आसपास मराठी वाक्य दोन निरोपांत तुटतं.

नवी आवृत्ती आली की डॉकर पुल, मग डॉकर स्टॉप, डॉकर आरएम आणि पुन्हा तीच रन आज्ञा. ती एका छोट्या शेल फाइलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी यातला एक तरी -व्ही हमखास विसरलेला असतो, आणि तो आयआरसीलॉग्जचा निघाला तर पुढच्या आरएमबरोबर मधल्या काळातल्या नोंदीही जातात.