नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण: या चुका टाळा

मी अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) आहे, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स. दर ऑगस्टला फोन सुरू होतात: “ताई, दोन आठवड्यांत क्लिनिकल आहे, प्रिसेप्टर मिळत नाही, मला घ्याल का?” क्लिनिकल म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करत शिकणं, आणि प्रिसेप्टर म्हणजे तिथे शिकवणारी अनुभवी एनपी किंवा डॉक्टर. घ्यावंसं वाटतं, पण माझ्याकडची जागा वसंतातच भरलेली असते.

प्रिसेप्टरचं नंतर बघू, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एक मुलगी वही घेऊनच भेटायला आली होती. वहीत सदतीस क्लिनिकची नावं, प्रत्येकापुढे फोन केल्याची तारीख आणि प्रत्येक नावावर आडवी रेघ. ‘प्लेसमेंटसाठी मदत करू’ असं कॉलेजनं सांगितलं होतं. मदत म्हणजे एक जुनी यादी निघाली, त्यातले काही डॉक्टर निवृत्त झालेले. तिचं अख्खं सेमिस्टर गेलं. जानेवारीत मी तिला घेतलं. काम उत्तम करायची, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

2022 साली राष्ट्रीय निकषांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास 500 वरून 750 झाले. तास वाढले, पण शिकवणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच विचारा: जागा शोधायची जबाबदारी कुणाची? उत्तर ईमेलवर घ्या. ‘विद्यार्थ्याची’ असं आलं तर वर्षभर आधी कामाला लागा, कारण कॉलेज आणि क्लिनिकमधला करार व्हायलाच कित्येक आठवडे जातात. मी स्वतः छापील रेझ्युमे घेऊन माणसांना समोर जाऊन भेटले होते. आजही तेच करायला सांगते. पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्या मला मुळीच पटत नाहीत.

दुसरी चूक शाखा निवडताना होते. आयसीयूत रमलेली नर्स ‘सगळे पर्याय मोकळे राहतील’ म्हणून फॅमिली शाखा घेते. या शाखेत सगळ्या वयाचे रुग्ण येतात खरे, पण शिक्षण प्राथमिक आरोग्यसेवेचं (प्रायमरी केअर) असतं. व्हेंटिलेटरवरचा अत्यवस्थ प्रौढ रुग्ण सांभाळायचा असेल तर ॲडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अक्युट केअर ही वेगळी शाखा आहे आणि तिची परीक्षाही वेगळी. नंतर बदलायचं म्हटलं की पुन्हा पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, पुन्हा क्लिनिकल, पुन्हा फी. आधी एखाद्या एनपीसोबत दिवसभर उभं राहून पाहा. ब्रोशर वाचून हे कळत नाही.

प्रोग्रॅमला सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल तर अर्जच करू नका. पुढे सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही.

ऑनलाइन कॉलेज तुमच्या राज्यातले विद्यार्थी घेतं का, हे त्यांच्या एजंटला विचारून भागणार नाही. राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून खात्री करा.

भारतातून शिकून आलेल्यांनी गुणपत्रिकांचं मूल्यमापन लवकर सुरू करावं. आपल्याकडच्या कॉलेजातून कागद निघायला वेळ लागतो.

पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे तिन्ही प्रगत विषय पूर्णवेळ नोकरी करत एकाच सेमिस्टरला घेऊ नका. ‘लवकर उरकते’ म्हणणाऱ्या मुलींचं फार्माकॉलॉजी कच्चं राहिलेलं मला क्लिनिकमध्ये पहिल्या आठवड्यातच दिसतं. किडनी कमजोर असलेल्या रुग्णाला आयबुप्रोफेन लिहायला निघतात, आणि मला त्यांचा हात धरावा लागतो.

आरएन (नोंदणीकृत नर्स) होऊन जेमतेम सहा महिने झालेत आणि एनपीला अर्ज करू का, असं विचारलं तर मी थांबच म्हणते. काही कॉलेजं घेतीलही. पण बिघडत चाललेला रुग्ण ओळखणारी नजर रुग्णांजवळ उभं राहूनच तयार होते. निदान दोन वर्षं वॉर्डात काढा.