आधी हळू मग धडाम: तसलं गाणं घरी कसं बांधायचं, आणि नंतर कुणी ऐकलंच नाही तर

भारी गिटार लागत नाही हे आधीच सांगतो. माझी सेकंडहँड आहे आणि तिचा एक नॉब फिरवला की खरखरतो. एक डिस्टॉर्शन पेडल, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक साधा माईक आणि असा एक ड्रमर जो हळू वाजवायला तयार असेल, एवढं पुरतं, पण यातली शेवटची वस्तू मिळवायलाच आम्हाला दोन वर्षं लागली.

नमुना म्हणून रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं क्रीप घ्या. सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते उलगडून बघितलं की कळतं किती कमी सामानात काम झालंय. अख्खं गाणं चार कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) फिरतं, जी, बी, सी आणि सी मायनर, कुठेही बदल नाही, व्हर्सलाही, म्हणजे कडव्यालाही, तेच आणि कोरसलाही, म्हणजे धृपदालाही, तेच. गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्टीवर) बार धरा, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबून बाकीच्या बोटांनी मेजरचा आकार करा, तोच आकार सरकवत सातव्यावर न्या, मग आठव्यावर, आणि तिथेच मधलं बोट उचललं की सी मायनर. झालं. पहिले आठ दिवस अंगठ्याच्या मुळाशी दुखेल, दुखू दे.

आता खरी गंमत, आणि ही गिटारपेक्षा पेटीवर जास्त नीट दिसते. घरात पेटी असेल तर पांढरी पाचला सा धरा. जी म्हणजे सा ग प. पुढे नेहमीच्या हिशोबात बी मायनर यायला हवा होता, पण त्यांनी मेजर घेतला, त्यामुळे ग, कोमल ध, नि, म्हणजे स्केलमध्ये नसलेला कोमल ध गुपचूप आत शिरला. मग सी म्हणजे म, शुद्ध ध, सा. आणि सी मायनरमध्ये तोच ध परत कोमल. आता प्रत्येक कॉर्डमधला एकच सूर घेऊन ही ओळ वाजवा: प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध आणि परत प. अर्ध्या अर्ध्या पायरीने वर चढायचं आणि तसंच खाली यायचं, बस. ते जे पोटात कालवल्यासारखं होतं ना ऐकताना, ते या पाच सुरांचं काम आहे, शब्द नंतर येतात. आमच्या पेटीवाल्या काकांना मी ही ओळ ऐकवली तर म्हणाले यात नवीन काय, आणि बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून स्वतःचं गाणं बांधताना आधी कॉर्ड शोधत बसू नका, अशी एक सरकणारी ओळ शोधा आणि तिच्याखाली कॉर्ड बसवा. उदाहरणार्थ सा, नि, कोमल नि, ध असं खाली उतरायचं असेल तर जी, जी मेजर सेव्हन, जी सेव्हन, सी बसतात. ही युक्ती हजारदा वापरून झालेली आहे, पण सरावाला चांगली. आणि तुमची ओळ कुणाची तरी आहे का हे चार जाणत्या लोकांना ऐकवून बघा, कारण क्रीपचंच बघा, द हॉलीज या बँडने 1974 मध्ये गाजवलेल्या एका गाण्याशी ते इतकं जुळत होतं की ते गाणं लिहिणारे अल्बर्ट हॅमंड आणि माईक हेझलवूड यांची नावं क्रीपच्या क्रेडिटमध्ये आली आणि पैशातही वाटा गेला. बँडमधल्या बँडमध्ये सुद्धा कुणी काय लिहिलं हे रिलीजच्या आधी कागदावर घ्या, मैत्री बित्री ठीक आहे पण घ्याच.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आवाज. कोरसच्या आधी सी मायनरवर गिटार जे दोनदा खर्र खर्र करतं ते. रेडिओहेडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवूड याला गाणं फारच मवाळ वाटत होतं म्हणून त्याने मुद्दाम गिटारवर फटके मारले, बँडमधलेच सांगतात की तो गाणं बिघडवायच्या बेतात होता. हे करायला सोपं आहे: पेडल चालू, गेन (खरखर वाढवणारा नॉब) भरपूर, डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हाताने राग काढायचा. सूर ऐकू आला तर चुकलं. ते फटके पहिल्या कोरसआधी यायलाच हवेत, म्हणजे पुढच्या वेळी ऐकणारा त्यांची वाट बघतो.

रेकॉर्डिंगला जास्त हुशारी नको. 1992 मध्ये इंग्लंडात चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी या प्रोड्युसरांसोबत बँड भलतीच गाणी करायला बसला होता, क्रीप तर मध्येच वाजवलेलं, आणि गायक टॉम यॉर्क पुटपुटला की हे आमचं स्कॉट वॉकर (एक जुना गायक) गाणं, तर त्या दोघांना वाटलं कव्हर आहे! नंतर पहिल्याच टेकला स्टुडिओतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, पियानो वर आणायचा उशिरा आठवला म्हणून तो शेवटीच ऐकू येतो, तेही तसंच ठेवलं. तेव्हा तुम्हीपण सगळे मिळून एका खोलीत वाजवा, तीन टेक घ्या आणि सगळ्यात स्वच्छ नाही, तर ज्यात कोणीतरी हसलंय किंवा थोडं पुढे पळालंय तो घेऊन बघा.

मिक्समध्ये एकच चूक सगळे करतात, आम्हीपण केली. व्हर्स ऐकू येत नाही म्हणून व्हर्स वाढवतात, मग कोरसला जागाच उरत नाही, मग लिमिटर (मोठे आवाज दाबणारं साधन) लावून सगळंच एकसारखं चपटं करतात. व्हर्स हळूच ठेवा. स्पॉटिफाय तसाही गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (गाणं किती मोठं ऐकू येतं ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, उगाच मोठं करून पाठवलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि धडाम गेलं की गाणं गेलं.

आता रिलीज. पहिल्या आठवड्यात आमच्या गाण्याला 43 प्ले मिळाले आणि त्यातले निम्मे माझ्या मावशीचे, ती लिंक दाबून फोन तसाच ठेवून स्वयंपाक करते. वाईट वाटलं तर हे वाचा: क्रीप सप्टेंबर 1992 मध्ये ब्रिटनमध्ये आलं आणि तिथल्या चार्टवर 78 नंबरला जाऊन पडलं, बीबीसी रेडिओ वनला ते फार निराश वाटलं. मग इस्रायलमध्ये योआव कुटनर नावाच्या रेडिओवाल्याने ते सारखं वाजवलं, तिथे हिट झालं, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनने उचललं, अमेरिकेत हॉट हंड्रेड या गाण्यांच्या यादीत 34 पर्यंत गेलं आणि ब्रिटनमध्ये 1993 ला परत काढलं तेव्हा सातवं आलं. गाणं तेच. रेडिओसाठी त्यातली शिवी काढून वेगळी आवृत्ती केली होती, ती मात्र तुम्हीपण करून ठेवा, कॉलेज फेस्टच्या समितीला लागते.

तर मग लिंक मित्रांच्याच ग्रुपवर परत परत टाकू नका, ते ऐकून झालेत. दुसऱ्या गावच्या कॉलेज रेडिओला, शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना, कुणीही अनोळखी असेल त्याला पाठवा, दर महिन्याला पाच जण, वर्षभर. आमचं नागपूरच्या एका मुलाने त्याच्या फिल्मच्या शेवटी लावलं, आठ महिन्यांनी, पैसे शून्य, पण तिथून लोक आले.

आणि चाललंच तर सेटलिस्ट, म्हणजे कार्यक्रमातला गाण्यांचा क्रम, आत्ताच ठरवा. रेडिओहेडच्या गिगला लोक क्रीप तेवढं ऐकून निघून जायचे, बँड इतका वैतागला की वर्षानुवर्षं ते वाजवणंच बंद केलं, 2016 ला परत घेतलं. आम्ही आमचं शेवटून दुसरं ठेवतो, म्हणजे निघणारे निघतात, आणि जे उरतात त्यांच्यासाठी नवीन वाजवतो. मागच्या वेळी अकरा उरले होते, मावशी धरून.