वारुळाची अळंबी: ओळखायची, काढायची आणि रांधायची कशी

आषाढात दोन दिवस दणकून पाऊस होऊन मध्ये ऊन पडलं की मुंबई-पुण्यातली भाचरंडं मला फोटो पाठवायला लागतात. कुणाला सोसायटीच्या हिरवळीवर उगवलेली दिसते, कुणाला ट्रेकच्या वाटेवर. "मामी, ही खायची का?" फोटोवरून मी कधीच हो म्हणत नाही. सावंतवाडीकडच्या आमच्या गावात मी सासूबाईंच्या मागून रान फिरले, आणि त्यांची शिकवण साधी होती: शंभर विषारी ओळखत बसू नको, खायची एकच नीट ओळख. ती एक म्हणजे वारुळाची अळंबी. आमच्याकडे अळमी म्हणतात, गोव्यातही. हे सगळं तिच्यापुरतंच लिहिते आहे.

ही कुठे येते ते आधी समजून घ्या, कारण अर्धी ओळख जागेतच आहे. वाळवी पालापाचोळा, सुकं लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात त्याचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यावर बुरशीची शेती करते. बुरशी लाकूड पचायजोगं करून देते, वाळवी तिला ऊब आणि ओल देते. पावसाळ्यात तीच बुरशी जमीन फोडून वर येते, ती आपली अळंबी. शास्त्रज्ञ या गटाला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून बटण किंवा धिंगरी अळंबीसारखी शेडमध्ये पिकवून बाजारात येत नाही. वारूळ वर दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते जमिनीखाली असतं आणि वर नुसती सपाट जागा दिसते. पण जागा ठरलेली असते, दरवर्षी साधारण तिथेच येते. म्हणून जाणती माणसं आपली जागा सहसा कुणाला सांगत नाहीत.

आता एक अळंबी हातात घेऊन बघा. टोपीच्या मधोमध टोकदार, गडद रंगाचा उंचवटा हवा. माती फोडून वर यायला तोच लागतो. टोपी उघडताना कडेला चिरते. खालचे पातळ पडदे कोवळेपणी पांढरे आणि जून झाल्यावर गुलाबीसर होतात. सगळ्यात खात्रीची खूण जमिनीखाली आहे. पहिल्या अळंबीच्या बाजूची माती हळूच उकरा. देठ खाली निमुळता होत लांब मुळासारखा जातो, कधी कधी हातभर, थेट वाळवीच्या गड्ड्यापर्यंत. देठ वरच संपला आणि बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी दिसली, तर हात लावू नका. ती अमानिटा असू शकते, आणि तिच्यातल्या काही जाती जीवघेण्या आहेत. वरून खुडलेल्या अळंबीवर ही पिशवी मातीतच राहून जाते, म्हणून एक तरी मुळापर्यंत उकरून बघायचीच. देठाला अमानिटासारखी कडी दिसली म्हणून मात्र घाबरू नका आणि नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. वारुळाच्या एका जातीलाही कडी असते.

घरी आल्यावर आणखी एक तपासणी करा. उमललेल्या एका अळंबीचा देठ कापा, टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा असू दे. काही तासांत, नाहीतर सकाळपर्यंत कागदावर भुकटीचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, अमानिटाचा पांढरा. शहरातल्या हिरवळीवर जी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची अळंबी येते, तिचा ठसा हिरवट पडतो. भाचरंडांच्या फोटोंत तीच जास्त असते. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. नुसता गुलाबी ठसा आला म्हणजे झालं असं नाही, जागा, टोक, मूळ आणि ठसा या चारही गोष्टी जुळायला हव्यात. आणि पहिल्यांदा काढत असाल तर गावातलं जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय खाऊ नका.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसणीचा रंग बदलतो, किडे खातात म्हणजे चांगली, हळद घालून उकळली की विष जातं: हे सगळं मनातून काढून टाका. अमानिटाचं विष उकळून, वाळवून जात नाही, आणि किडे ती खुशाल खातात.

काढताना लहान सुरीने जमिनीलगत कापा. ओढून उपटली तर खालचा गड्डा हलतो. काठीने वारूळ उकरणं तर अगदीच चूक. आमच्याकडे सांतेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, त्यामुळे जुनी माणसं तिथे कुदळ लावत नसत. पूर्ण उमललेल्या, कडा फाटलेल्या अळंब्या जागेवरच सोडा. नव्या वसाहतीतली वाळवी त्यांचीच भुकटी गोळा करून आपली शेती सुरू करते. अभयारण्यात आणि राखीव जंगलात काढूच नका. कळ्या आणि अर्धवट उघडलेल्या चवीलाही सरस असतात, आणि टिकतातही थोड्या जास्त.

प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर घरी येईपर्यंत घाम फुटून काळ्या पडतात. सागाच्या किंवा केळीच्या पानात बांधा आणि त्याच दिवशी रांधा. देठाची माती सुरीने खरवडून काढा, मग दोन-तीन पाण्यांतून झटपट काढा, भिजत ठेवू नका. सुरीने चिरण्यापेक्षा देठ हाताने उभे चिरले की कोंबडीच्या मांसासारखे तंतू सुटतात.

सुकं करायचं तर खोबरेल तेलात लसूण ठेचून घाला, भरपूर कांदा गुलाबी परता, हळद आणि अगदी थोडा मालवणी मसाला. अळंबी घातली की तिचं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत झाकण ठेवू नका. मीठ शेवटी, कारण आटून भाजी अर्धी होते आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं. दोन आमसुलं, ओलं खोबरं. रश्श्याला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप लावतात, पण माझ्या मते गरम मसाल्याने तिचा मातीचा वास मरतो. श्रावणात मासे-मटण बंद असताना ही भाजी आणि तांदळाची भाकरी असली की घरात कुणी कुरकुरत नाही. कच्ची किंवा अर्धी शिजलेली खाऊ नका. पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन घासच वाढा, कारण चांगली अळंबीही एखाद्याला सोसत नाही.

औषधाची अळंबी वेगळी. जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक, तपकिरी बुरशी येते, तो फणसांबा. ती खायची नसते. वाळवून ठेवायची आणि लागेल तेव्हा सहाणेवर पाण्यात उगाळायची. लाळ फार गळत असेल तर हिरड्यांना, तोंड आलं तर आतून तिचा लेप लावत. जुलाबावर पोटातही देत. एकोणिसाव्या शतकातल्या औषधी नोंदींतही हे उपयोग आहेत. सासूबाईंच्या डब्यात तुकडा कायम असे. मी तो बाळांना लावत नाही आणि पोटात कुणालाच देत नाही. मुलाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठायचा.

अळंबी खाऊन सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू झाले तर ते जास्त धोक्याचं समजा. दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, पण आत यकृत निकामी होत असतं. थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, आणि उरलेली भाजी, साफ करताना टाकलेले देठ, मातीसकट जे सापडेल ते कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवा.