मेटॅलिकाच्या नव्या अल्बमवर वाद कसा घालावा

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा '72 सीझन्स' हा अकरावा स्टुडिओ अल्बम 14 एप्रिल 2023 रोजी आला आणि त्या दिवसापासून चाहत्यांत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते बँड 1986 सालीच संपला आणि पुढचे सारे त्या नावावर चाललेले दुकान आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते साठीला टेकलेली माणसे अजून इतक्या जोरकसपणे वाजवतात, एवढ्यावरच टीकाकारांनी गप्प बसावे. दोन्ही पक्षांची अडचण एकच आहे. नेमकी कशाची तुलना कशाशी चालली आहे, हे कोणीच ठरवून घेत नाही. एक जण गाण्यांच्या रचनेबद्दल बोलतो, दुसरा ध्वनिमुद्रणाबद्दल, तिसरा लांबीबद्दल, आणि चौथा प्रत्यक्षात स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल. पुढील सूचना हा गुंता सोडवून वाद मुद्द्यावर आणण्यासाठी आहेत. चार-पाच मित्रांची बैठक आणि एखादे बऱ्यापैकी स्पीकर किंवा हेडफोन एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे.

आधी जुने पुन्हा ऐकावे

वादाला बसण्यापूर्वी जुना अल्बम आठवणीतून न काढता प्रत्यक्ष लावून पूर्ण ऐकावा. 'मास्टर ऑफ पपेट्स' पाठ आहे असे सांगणाऱ्या पुष्कळांना त्यातली चार गाणी पाठ असतात. उरलेली चार त्यांनी अनेक वर्षांत सलग ऐकलेली नसतात, आणि नव्या अल्बमची तुलना मात्र त्या निवडक चारांशी होते. तुलनेसाठी एकच जुना अल्बम निवडावा आणि बैठकीआधी सर्वांना तो कळवावा. 'जुनी मेटॅलिका' नावाचा कोणताही अल्बम नाही. 'किल एम ऑल' (1983) हा तरुण पोरांचा वेगवान, ओबडधोबड अल्बम आहे. 'राइड द लाइटनिंग' (1984) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (1986) यांत क्लिफ बर्टन या बासवादकाची (बास म्हणजे खालच्या सुरांची गिटार) संगीताची जाण ठळकपणे दिसते. 1991 चा, ज्याला सगळे 'ब्लॅक अल्बम' म्हणतात, त्याची घडण यांतल्या कशाशीही जुळत नाही. माझ्या मते '72 सीझन्स'शी सर्वांत न्याय्य तुलना 'किल एम ऑल'ची होते, कारण नव्या अल्बमचे मूळ बँडने तरुणपणी ऐकलेल्या ब्रिटिश हेवी मेटलमध्ये, विशेषतः डायमंड हेडसारख्या बँडमध्ये आहे. 'लक्स एटर्ना' हे नव्या अल्बममधले सर्वांत छोटे गाणे ऐकताच हे लक्षात येते. त्यात 'मास्टर ऑफ पपेट्स'ची गुंतागुंत शोधू जाणारा निराश होणारच.

गायक लू रीडबरोबरचा 'लुलू' (2011), सिम्फनी वाद्यवृंदासोबतचे कार्यक्रम आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचा 'गॅराज इंक.' हे सारे या तुलनेतून वगळावे. त्यांच्यावर वेगळी बैठक घेता येईल. 'लुलू'वर बहुधा कोणी येणार नाही.

आवाज सारखा करून घ्यावा

ही पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे आणि सर्वांत महत्त्वाचीही. माणसाच्या कानाला थोडे मोठ्याने वाजणारे संगीत अधिक चांगले वाटते, मग ते चांगले असो वा नसो. 1980 च्या दशकातल्या सीडींवरचा आवाज तुलनेने खालच्या पातळीवर असे. पुढे सर्वच कंपन्यांत आवाज चढवण्याची स्पर्धा लागली आणि तिचा कळस मेटॅलिकानेच 2008 साली 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये गाठला. त्या अल्बमचा आवाज इतका दाबून चढवला होता की ड्रमच्या ठोक्यांवर फाटलेपणा ऐकू येत असे. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या स्वरूपात आली, चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि अल्बम पुन्हा मिक्स करावा, म्हणजे वाद्यांच्या पातळ्या नव्याने जुळवाव्यात, अशी मागणी हजारोंच्या सह्यांनी केली. गाणी चांगली आणि ध्वनी वाईट, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण रॉकमध्ये दुसरे क्वचितच सापडेल.

म्हणून बैठकीत स्ट्रीमिंग ॲपमधली आवाज समपातळीवर आणणारी सोय चालू ठेवावी, किंवा सीडी वाजवत असल्यास दोन्ही अल्बमसाठी आवाजाची खुंटी हाताने जुळवून घ्यावी. कोणती आवृत्ती वाजते आहे, हेही पाहावे. 'किल एम ऑल' आणि 'राइड द लाइटनिंग' यांचे नवे मास्टरिंग (तयार ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा हात) 2016 साली आले, 'मास्टर ऑफ पपेट्स'चे 2017 साली, '…अँड जस्टिस फॉर ऑल'चे 2018 साली आणि ब्लॅक अल्बमचे 2021 साली. एकाने जुनी सीडी ऐकली असेल आणि दुसऱ्याने नवी आवृत्ती, तर दोघे एकाच नावाच्या दोन वस्तूंवर भांडत आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून आलेल्याचे बासबद्दलचे मत बैठकीने नम्रपणे बाजूला ठेवावे.

बासचा विषय निघालाच आहे तर '…अँड जस्टिस फॉर ऑल'चे (1988) प्रकरण नीट माहीत असणे आवश्यक आहे, कारण तो दाखला प्रत्येक वादात कोणी ना कोणी देतोच. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये बँडची बस उलटून क्लिफ बर्टनचा मृत्यू झाला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास या अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे उघडपणे सांगितले की, बास खाली आणण्याची सूचना बँडचा ड्रमवादक लार्स उलरिकची होती. 2018 च्या आवृत्तीत बास वर येईल अशी आशा अनेकांनी धरली होती, परंतु मास्टरिंगमध्ये तयार मिक्सवर अखेरचा हात फिरतो, एकेका वाद्याची पातळी त्यात बदलत नाही. तसे करण्यासाठी मिक्सच नव्याने करावा लागतो, आणि तो बँडने केलेला नाही. या पार्श्वभूमीवर ग्रेग फिडेलमन यांनी निर्मिलेल्या '72 सीझन्स'मध्ये आताचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियोचा बास स्पष्ट ऐकू येतो, ही गोष्ट जुन्या पक्षानेही मान्य करावी. ध्वनीच्या मुद्द्यावर नवा अल्बम 'जस्टिस', 'सेंट अँगर' आणि 'डेथ मॅग्नेटिक' या तिघांनाही मागे टाकतो, असे मी बेधडक म्हणेन. 'मास्टर ऑफ पपेट्स'ला मात्र नाही. निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांच्याबरोबर कोपनहेगनला मुद्रित केलेल्या त्या अल्बममधल्या गिटारींना जी खोली आहे, ती पुढे पैसा आणि तंत्र कितीही वाढले तरी परत आली नाही.

लांबीची तक्रार घड्याळ लावून तपासावी

'गाणी फार लांबतात' हा '72 सीझन्स'वरचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप आहे. तो तपासायला साधा भागाकार पुरतो. नव्या अल्बममध्ये 12 गाणी आणि सुमारे 77 मिनिटे आहेत, म्हणजे गाण्यामागे साधारण साडेसहा मिनिटे. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये 8 गाणी आणि सुमारे 55 मिनिटे, म्हणजे गाण्यामागे जवळपास सात मिनिटे. 'जस्टिस'मध्ये 9 गाण्यांना 65 मिनिटे लागतात आणि सरासरी सातच्याही पुढे जाते. गाणी लांब आहेत म्हणून नवी मेटॅलिका कंटाळवाणी, हा दावा येथे कोसळतो.

कंटाळा खोटा नसतो, त्याचे कारण वेगळे असते. सुरुवातीचे अल्बम एलपी तबकडीच्या दोन बाजूंत बसवायचे होते आणि त्या मर्यादेमुळे दुबळे गाणे आपोआप गळत असे. सीडी आल्यावर ही चाळणी गेली. 'लोड' (1996) सुमारे 79 मिनिटांचा आहे, आणि सीडीवर मावावा म्हणून त्यातल्या शेवटच्या 'द आउटलॉ टॉर्न' या गाण्याचा शेवट छाटावा लागला होता. 'रीलोड' 76, 'सेंट अँगर' 75, 'डेथ मॅग्नेटिक' 75 आणि 2016 चा 'हार्डवायर्ड… टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' 77 मिनिटांचा. म्हणजे 1996 पासून बँडने स्वतःच्या नव्या गाण्यांचा आटोपशीर अल्बम एकदाही काढलेला नाही. तेव्हा लांबीबद्दल बोलायचेच असेल, तर ती सत्तावीस वर्षांची सवय आहे असे म्हणावे आणि 2023 च्या अल्बमवर एकट्यावर तिचे खापर फोडू नये. शिवाय एकाच वेगाची, एकाच घडणीची गाणी पाठोपाठ आल्यानेही वेळ लांबल्यासारखा वाटतो. '72 सीझन्स'च्या मधल्या भागात नेमके हेच घडते. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये वेगवान गाण्यानंतर संथ, मग केवळ वाद्यांचे, असा चढउतार आहे. नव्या अल्बममध्ये संथ बॅलड नाही आणि निव्वळ वाद्यांचे गाणेही नाही.

'विकले गेले' हा आरोप करण्यापूर्वी

बँड पैशासाठी विकला गेला, या आरोपाचा इतिहास ठाऊक असावा. 1984 साली 'फेड टू ब्लॅक' हे संथ गाणे केल्याबद्दल कट्टर चाहत्यांनी तो पहिल्यांदा केला. 1989 साली 'वन'साठी बँडने पहिला व्हिडिओ काढला तेव्हा दुसऱ्यांदा. 1991 साली बॉब रॉक यांना निर्माता म्हणून घेतले आणि गाणी आखूड व सोपी झाली तेव्हा तिसऱ्यांदा. 1996 साली तर केस कापल्याबद्दलही. आज 'फेड टू ब्लॅक' हे खऱ्या मेटॅलिकाचे लक्षण म्हणून दाखवले जाते, आणि दाखवणाऱ्यांत त्या जुन्या कट्टरांचेच वारस असतात. आरोप करू नये असे नाही, पण करणाऱ्याने कोणते गाणे आणि त्यातली कोणती जागा, हे सांगावे. 'दुसऱ्या कडव्यानंतर तीच रिफ चौथ्यांदा येते आणि सोलो तिला पुढे नेत नाही' या वाक्यावर बोलता येते (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट, सोलो म्हणजे एकल वादन). 'आता ती मजा राहिली नाही' या वाक्यावर फक्त मान हलवता येते.

गिटारवादक कर्क हॅमेटच्या सोलोंवर बोलताना एवढे लक्षात असू द्यावे की 'सेंट अँगर'मध्ये (2003) एकही सोलो नव्हता आणि तेव्हा त्याचाही राग लोकांनी धरला होता. हॅमेटने सुचलेल्या रिफ साठवलेला फोन 2014 साली हरवला आणि 'हार्डवायर्ड'च्या गाण्यांवर सहरचनाकार म्हणून त्याचे नाव आले नाही. '72 सीझन्स'वर ते पुन्हा आले. शब्दांच्या बाबतीत नवा अल्बम सरस आहे असे मला वाटते. शीर्षकातले 72 ऋतू म्हणजे, वर्षाला चार ऋतू धरून, आयुष्याची पहिली अठरा वर्षे, आणि त्या वर्षांत मनावर जे कोरले गेले ते पुढे माणसाला कसे चालवते, हा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा विषय आहे. 2019 साली व्यसनमुक्तीसाठी पुन्हा उपचार घेऊन आलेल्या माणसाने तो लिहिला आहे, हे ऐकताना जाणवते. बाविसाव्या वर्षी त्याला हे लिहिता आले नसते.

कोणाला बोलू द्यावे

सर्वांना. ज्यांनी 30 ऑक्टोबर 2011 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँडला प्रत्यक्ष ऐकले, त्यांना मुंबई-पुण्याच्या बैठकींत विशेष मान दिला जातो आणि तो त्यांना आवडतोही. दोनच दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाल्याने त्या संध्याकाळची किंमत वाढलेली आहे. परंतु मैदानातला अनुभव हा अल्बमच्या बाजूचा किंवा विरुद्धचा पुरावा होत नाही. 2022 साली एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणे प्रसिद्धीनंतर 36 वर्षांनी प्रथमच अमेरिकेच्या 'हॉट 100' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आले. त्या वाटेने आलेल्या मुलामुलींनी 1986 आणि 2023 चे अल्बम एकाच वर्षाच्या अंतराने ऐकले आहेत. त्यांच्या कानात आठवणींची भेसळ सर्वांत कमी आहे, म्हणून पहिली संधी त्यांना द्यावी.

कात्री चालवून पाहावी

एवढे झाल्यावर प्रत्येकाने '72 सीझन्स'मधली चार गाणी काढून आठ गाण्यांचा अल्बम कागदावर लिहावा. माझ्या यादीतून 'स्लीपवॉक माय लाइफ अवे', 'क्राउन ऑफ बार्ब्ड वायर', 'चेसिंग लाइट' आणि 'इफ डार्कनेस हॅड अ सन' ही गाणी जातात. उरलेला अल्बम सुमारे 51 मिनिटांचा होतो, म्हणजे बरोबर 'किल एम ऑल'च्या लांबीचा. त्याचा शेवट 'इनामोराटा'ने होतो. अकरा मिनिटांहून थोडे लांब असलेले हे बँडच्या स्वतःच्या गाण्यांच्या स्टुडिओ अल्बमांतले आजवरचे सर्वांत दीर्घ गाणे आहे आणि मधल्या भागात बाकीची वाद्ये दूर होऊन बास एकटा उरतो, ती जागा बँडच्या उत्तम कामात बसणारी आहे. ज्यांची यादी 1986 वर थांबते त्यांना दुसरे काही न ऐकवता हे एकच गाणे, पूर्ण, मध्ये कोणी न बोलता ऐकवावे.

याद्या शेजारी ठेवल्या की सर्वांनी राखलेल्या गाण्यांवर बोलण्यासारखे फारसे उरत नाही. वाद घालायचा तो एकाने ठेवलेल्या आणि दुसऱ्याने कापलेल्या गाण्यांवर, ते गाणे त्या क्षणी लावून. 'इफ डार्कनेस हॅड अ सन' कापल्याबद्दल माझ्यावर हल्ला होईल, कारण ते अल्बमच्या आधी सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्रपणे, आलेले आहे आणि त्याची सुरुवातीची रिफ दमदार आहे. पण ती रिफ गाण्यात जाते कोठे, हे समर्थकांनी गाणे वाजत असताना बोट ठेवून दाखवावे.