ट्रेनीच्या निवडीत नेमकं कुठे अडकताय? या चुका टाळा

साबण, टूथपेस्ट, डिटर्जंट विकणाऱ्या बड्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या ग्रॅज्युएट ट्रेनी प्रोग्रॅममधून नकाराचा ईमेल आला की बहुतेक जण रेझ्युमेचा फॉन्ट बदलायला बसतात. त्याआधी नकार कोणत्या टप्प्यावर आला ते बघा. चूक बहुधा तिथेच सापडते.

अर्ज टाकल्यावर दोन दिवसांत नकार आला असेल, तर तुमची गुणवत्ता कोणी नीट पाहिलेलीही नसते. पदवीचं वर्ष, त्या देशात काम करण्याचा परवाना, बदलीची तयारी असे प्रश्न घाईत भरले की माणूस तिथेच गळतो. अर्ज शेवटच्या तारखेला पाठवणं ही दुसरी चूक. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरत जातात.

मग प्रश्न विभागाचा. सगळ्यांना मार्केटिंगच हवं असतं, कारण मार्केटिंग म्हणजे जाहिराती अशी समजूत. ब्रँड मॅनेजर या पदाचं मूळ प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय यांच्या 1931 च्या एका मेमोत सापडतं. तेव्हा ते कॅमे साबणाचं काम बघत होते. प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसानं करायचं काय? ब्रँडचा माल कुठे किती जातो ते बघायचं, आणि जिथे जात नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी, ग्राहकांशी बोलून दुखणं शोधायचं. आकडेमोड आणि पायपीट. ही दोन्ही नको असतील तर 'मला ब्रँड्सची पॅशन आहे' हे वाक्य कितीही घोटलं तरी मुलाखत घेणाऱ्याला कळतंच.

उमेदवाराची पारख करायला खेळायला लावतात त्या ऑनलाइन गेम्सच्या फेरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्लृप्त्या शिकवणारे व्हिडिओ बघण्यापेक्षा शांत खोली, चांगलं नेट आणि बंद केलेली नोटिफिकेशन्स जास्त उपयोगी.

व्हिडिओ मुलाखतीत अडकत असाल तर स्वतःचं रेकॉर्डिंग एकदा बघा. उत्तर स्क्रीनशेजारी चिकटवलेल्या कागदावरून वाचलं की डोळे ओळीगणिक सरकतात आणि ते लगेच दिसतं. चेहऱ्यावर सतत हसू ठेवायचा सल्ला मात्र सोडून द्या. सॉफ्टवेअर हावभाव मोजतं या भीतीतून तो आला होता. व्हिडिओ मुलाखतींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या हायरव्ह्यूसारख्या मोठ्या कंपनीनं असं विश्लेषण बंद केल्याचं 2021 मध्येच जाहीर केलं. खरी चूक 'आम्ही' या शब्दात असते. 'आम्ही महोत्सव भरवला, आम्ही प्रायोजक मिळवले.' बरं, यात तुम्ही काय केलंत? किती प्रायोजकांना फोन केले, किती जणांनी नाही म्हटलं, त्यानंतर बोलण्यात काय बदल केलात, ते सांगा. अपयशाचा आकडा सांगणारा उमेदवार माझ्या तरी जास्त लक्षात राहतो.

सगळ्यात जास्त मुलं पडतात ती केसच्या फेरीत, म्हणजे धंद्यातली एखादी अडचण देऊन गटात तोडगा काढायला सांगतात तिथे. 'विक्री घसरली आहे, काय कराल?' असं विचारलं की टेबलाच्या चारही बाजूंनी एकच उत्तर येतं: सूट देऊ. आता हिशोब मांडा. कंपनीला एका नगामागे 100 मिळतात, खर्च 60, उरतात 40. किमतीत 20 टक्के सूट दिली की हातात येतात 80, उरतात 20. म्हणजे पूर्वीइतकाच नफा हवा तर दुप्पट माल विकावा लागेल. तो विकला जाईल का? आणि गेलाच, तर लोकांनी पुढच्या महिन्याचा साबण आजच घेऊन ठेवला, असं तर नाही ना? हे दोन प्रश्न विचारलेत तरी गटातल्या निम्म्या लोकांच्या पुढे गेलात. त्याहीआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: माल दुकानाच्या फळीवर होता तरी का? फळी रिकामी असेल तर सूट कोणाला देणार?

आता निवड झालेल्यांसाठी. विक्रीतले पहिले महिने शिक्षा समजून काढणारे ट्रेनी मी पाहिले आहेत. सेल्समनबरोबर दोन दुकानं फिरायची, फोटो काढायचे, उरलेला दिवस प्रेझेंटेशन. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. सेल्समन वीस वर्षं तोच रस्ता तुडवत असतो. पहिल्याच दिवशी त्याला सुधारणा सुचवू नका. ऑर्डर त्याच्यासमोर स्वतः घेऊन बघा आणि दुकानदाराचा नकार स्वतःच्या कानांनी ऐका.

मीही ट्रेनी असताना एक चूक केली. कंपनीकडून वितरकाकडे गेलेला माल म्हणजे प्रायमरी विक्री, वितरकाकडून दुकानात गेलेला म्हणजे सेकंडरी. महिन्याचे शेवटचे तीन दिवस मी वितरकाच्या मागे लागून प्रायमरीचा आकडा पूर्ण केला. टार्गेट झालं, गंगेत घोडं न्हालं! पुढच्या महिन्यात त्याच्या गोदामात गेलो, तर माझीच खोकी दारापर्यंत रचलेली. नवीन ऑर्डरचं विचारल्यावर तो काही बोलला नाही. फक्त एक खोकं बाजूला सरकवून मला बसायला जागा करून दिली.