पानांवरून हवेतील धातू मोजताना: पानाचे वय विसरू नका

झाडांची पाने हवेतील धूळ आणि तिच्यासोबत येणारे धातू धरून ठेवतात, हे या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. नमुने वाळवणे, नायट्रिक आम्लात विरघळवणे आणि यंत्रावर मोजणे हा क्रमही कोणत्याही शोधनिबंधात सापडतो. पुण्यातील रस्त्यांवरच्या पिंपळांवर काम करताना मला ज्याने सर्वाधिक छळले, त्याला मात्र तिथे बहुधा एखादीच ओळ मिळते. ते म्हणजे पानाचे वय.

पिंपळ साधारण माघ-फाल्गुनात पाने गाळतो आणि लवकरच तांबूस पालवीने भरून जातो. जानेवारीत तोडलेल्या पानाने पाऊस थांबल्यापासूनची धूळ अंगावर घेतलेली असते, तर एप्रिलमधले पान जेमतेम काही आठवड्यांचे असते. या दोहोंची तुलना केली की शिसे आणि तांबे झपाट्याने घटल्याचे दिसते. प्रत्यक्षात हवा तीच असते, बदललेले असते ते पान. मीही या आकड्यांवर विश्वास ठेवून पुढची मांडणी केली होती, आणि ती सगळी मोडावी लागली. अडचण ऋतूपुरतीच नाही, कारण एका रस्त्यावरचे सगळे पिंपळ एकाच वेळी पालवत नाहीत आणि कधी एकाच झाडाची एक फांदी जुनी पाने धरून असते, तर शेजारची कोवळी. म्हणजे एकाच दिवशी तोडलेली पानेसुद्धा एका वयाची असतीलच असे नाही. त्यातच मँगनीज, लोह, कॅल्शियम ही मूलद्रव्ये पान जून होत जाते तशी त्यात आपोआप वाढतात, मग हवा कितीही स्वच्छ असो. म्हणून पालवी फुटतानाच निवडलेल्या फांद्यांना धागा बांधून तारीख लिहून ठेवा आणि सर्व ठिकाणांहून त्याच वयाची पाने घ्या. शेवटचा पाऊस कधी पडला तेही नोंदवा, कारण वळवाची एक जोरदार सर बरीच धूळ धुऊन नेते. या नोंदी नसतील, तर सर्वांत महागड्या यंत्राचा आकडाही निरुपयोगी आहे.

याच कारणासाठी, मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेतील यंत्रे पाहून भुलू नका, असे माझे ठाम मत आहे. जो वर्षभर तुमच्यासोबत झाडाखाली उभा राहील तो मार्गदर्शक खरा. अनेकजण वेळ वाचवण्यासाठी झाडाच्या वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांकाकडे वळतात: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हरितद्रव्य, अर्काचा सामू आणि सापेक्ष जलांश मोजला की सूत्रातून एक संख्या मिळते. पण ती संख्या झाड किती सोसते ते सांगते, हवेत किती धातू आहेत ते नव्हे. या जवळच्या वाटेने पदवी मिळत असेल, पण प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

धुतलेली आणि न धुतलेली पाने वेगळी मोजा, हे सर्वांना ठाऊक आहे. स्टीलच्या पात्यांनी दळू नका, अन्यथा क्रोमियम आणि निकेल तुम्हीच मिसळाल. पानावरच्या धातूंपैकी साध्या मातीतून आलेला वाटा काढताना मात्र इथे विशेष सावध राहावे लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या मातीत लोह, टायटॅनियम आणि तांबे मुळातच भरपूर असते, त्यामुळे भूकवचाच्या जागतिक सरासरीशी तुलना केल्यास रस्त्यावरची साधी धूळही प्रदूषित वाटू लागते. तुलनेसाठी त्याच परिसरातील माती घ्या. केवळ नायट्रिक आम्लात सिलिकेट खनिजे पूर्ण विरघळत नाहीत, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा आकडा कमी येतो. तेव्हा माती आणि पान दोन्हींना एकच पद्धत लावा.

हे वाचून धीर सोडू नका. स्वतःचे यंत्र नसले तरी बाहेर शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात. तुमचे खरे कौशल्य नमुना घेण्यात आहे आणि ते नव्या विद्यार्थ्यालाही साधते. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीसोबत एक कोरा नमुना (पान न घालता तीच प्रक्रिया केलेले आम्ल) आणि एक प्रमाणित संदर्भ-पान (ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असा नमुना) चालवले, तर परीक्षकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

निष्कर्ष लिहिताना एककांकडे लक्ष द्या. शिशासाठी भारताचे 2009 चे मानक वार्षिक सरासरी 0.5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हवा असे आहे, आणि तुमचा आकडा प्रति किलो कोरड्या पानातील मिलिग्रॅमचा आहे. या दोहोंचे थेट रूपांतर होत नाही, त्यामुळे हवा मानकापेक्षा वाईट आहे असे पानांवरून लिहू नका. अमुक चौकातील समवयस्क पानांवर बागेतील पानांपेक्षा किती पट तांबे आढळले, एवढे मात्र निर्धास्तपणे लिहा.